नीलमनगरच्या भिंती : शाळा बंद असताना लहान मुलांच्या घरच्या शिक्षणाचा एक प्रकरण अभ्यास

मार्च २०२० च्या मध्यात महाराष्ट्रातील शाळा बंद झाल्या. नववी ते बारावीचे वर्ग त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून आणि पाचवी ते आठवीचे वर्ग जानेवारी २०२१ च्या अखेरीपासून अनेक ठिकाणी काही काळ भरले. पहिली ते चौथीचे वर्ग उघडण्याचा राज्याचा निर्णय मात्र १ डिसेंबर २०२१ पासून लागू झाला आणि काही शहरांत त्यालाही आणखी दोन आठवडे लागले. म्हणजे जून २०२० मध्ये ज्या मुलाचे नाव पहिलीत घातले गेले, त्याने आपल्या वर्गाचा फळा प्रथम पाहिला तेव्हा त्याचे दुसरीचे निम्मे वर्ष उलटून गेले होते. अक्षरांची ओळख, वाचनाची गोडी आणि संख्यांची समज यांचा पाया ज्या दोन वर्षांत घातला जातो, नेमकी तीच दोन वर्षे या मुलांनी घरात काढली. या काळात मुलांसाठी घरी करण्याच्या कितीतरी कृती सुचवल्या गेल्या, पण त्यांतल्या बऱ्याचशा कृतींना स्मार्टफोन, मोकळा वेळ असलेले पालक आणि कागद-रंग आणता येतील इतकी मिळकत लागत होती. या तिन्ही गोष्टींची जिथे वानवा होती, अशा एका वस्तीत काय केले गेले आणि त्यातून घरच्या शिक्षणाबद्दल काय दिसते, हा या लेखाचा विषय आहे.

वस्ती आणि अडचण

नीलमनगर ही सोलापूर शहरातील कामगारांची वस्ती. सोलापूरची चादर आणि टॉवेल देशभर पोहोचतात; ते विणणाऱ्या यंत्रमागांवर आणि कापडाच्या कारखान्यांत राबणाऱ्यांची घरे शहराच्या अशा भागांत आहेत. इथल्या आशा मराठी विद्यालयातील बहुतेक मुलांचे पालक याच उद्योगात काम करणारे. टाळेबंदीत माग थांबले तेव्हा मजुरीही थांबली. पुढे माग सुरू झाले तेव्हा आईवडील दिवसभर कामावर आणि घरातला एकमेव फोन त्यांच्यासोबत, अशी कामगारांच्या कितीतरी घरांची स्थिती होती. रात्री तो फोन घरी आला तरी त्यावर तीन भावंडांचा हक्क, त्यात रिचार्ज संपलेला, आणि मूल पेंगुळलेले.

सरकारी पातळीवर या वेळी प्रयत्न होत होते, हेही नोंदवले पाहिजे. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद पण शिक्षण आहे’ या नावाने रोजची अभ्यासमाला व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवायला सुरुवात केली होती. २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची ‘टिलीमिली’ ही मालिका पहिली ते आठवीच्या मुलांसाठी विनामूल्य दाखवली जात होती. घरातल्या, अंगणातल्या आणि परिसरातल्या वस्तूंनी मुलांनी मोठ्यांच्या सोबतीने कृती करून पाहावी, अशी तिची रचना होती. फोनपेक्षा दूरदर्शन संच अधिक घरांत असल्याने हा मार्ग अधिक मुलांपर्यंत पोहोचणारा होता. तरीही तिथे वेळ ठरलेली असते. त्या अर्ध्या तासात वीज गेली किंवा मूल धाकट्या भावंडाला सांभाळत बसले, की तो भाग हातचा गेला.

भिंती कशा झाल्या

नीलमनगरच्या शिक्षकांनी वेगळी वाट धरली. वस्तीतल्या घरमालकांच्या संमतीने त्यांनी घरांच्या बाहेरच्या भिंती रंगवल्या आणि त्यांवर पाठ्यपुस्तकांतला मजकूर चित्रांसह उतरवला. सप्टेंबर २०२० मध्ये या उपक्रमाच्या बातम्या देशभर छापून आल्या, तेव्हा अशा भिंतींची संख्या सुमारे ३०० असल्याचे सांगितले गेले होते. पहिलीपासून दहावीपर्यंतचा मजकूर त्यांत होता : लहानांसाठी अक्षरे, अंक, शब्द आणि सोपी वाक्ये, मोठ्यांसाठी गणिताची सूत्रे, व्याकरण, सामान्य ज्ञान. भिंती गल्लोगल्ली विखुरलेल्या असल्याने मुलांची एका जागी गर्दी होण्याची भीती कमी होती. मुलांनी वही घेऊन यावे, अंतर ठेवून उभे राहावे, वाचावे, उतरवून घ्यावे.

वरवर पाहता ही फळ्याचीच मोठी आवृत्ती वाटेल. माझ्या मते तिचे बळ वेगळ्याच ठिकाणी होते. या भिंती मुलांच्या रोजच्या येण्याजाण्याच्या वाटेवर होत्या. दुकानातून साखर आणताना, पाण्याची घागर भरून आणताना, खेळताना एकाच भिंतीवरून मुलाची नजर दिवसातून कितीदा तरी फिरते, आणि सहा वर्षांच्या मुलाला अक्षर ओळखीचे व्हायला नेमकी अशीच वारंवार, थोड्या-थोड्या वेळाची भेट हवी असते. एका बैठकीत तासभर पाहिलेल्या चित्रफितीपेक्षा दिवसभरात दहा वेळा अर्धा-अर्धा मिनिट पाहिलेली भिंत लहान मुलाच्या लक्षात अधिक राहते, कारण ती आठवण्याची संधी पुन्हा पुन्हा देते. भिंतीला वेळापत्रक नव्हते आणि ती एका भावंडाने घेतली म्हणून दुसऱ्याला नाकारली जात नव्हती.

दुसरी गोष्ट मला त्याहूनही महत्त्वाची वाटते. पुस्तक दप्तरात असते आणि फोनवरचा पाठ फोनमध्ये असतो. दोन्ही घरातल्या मोठ्यांच्या नजरेआड असतात. भिंतीवरचा पाठ मात्र साऱ्या गल्लीसमोर असतो. शाळेची पायरी कधी न चढलेली आजीसुद्धा ओट्यावर बसल्या बसल्या नातवाला विचारू शकते, की इथे काय लिहिले आहे ते मला वाचून दाखव. शेजारची पाचवीतली मुलगी पहिलीतल्या मुलाची चूक जाता जाता सुधारू शकते. मुलाला काय शिकायचे आहे, हे आईवडिलांना प्रगतिपुस्तकातून कळण्याऐवजी रोजच्या वाटेवर दिसू लागते. मराठी घरांत दिवेलागणीला परवचा म्हणण्याची रीत होती, तेव्हाही असेच घडत असे. पाढे मूल म्हणे, पण ते ऐकत मात्र सगळे घर असे. नीलमनगरच्या भिंतींनी अभ्यासाला असे ऐकणारे मिळण्याची शक्यता निर्माण केली.

भिंत जिथे थांबते

शक्यता म्हटले ते जाणूनबुजून. भिंत दाखवते, पण ऐकत नाही. मुलाने ‘घर’ हा शब्द वाचला की चित्र पाहून ओळखला, त्याने ३७ आणि ७३ यांतला फरक जाणला की दोन्ही आकडे नुसते गिरवले, हे भिंतीला कळत नाही. मुलाच्या चुकीला प्रत्युत्तर देणारे कोणी नसेल, तर ती चूकही रोजच्या सरावाने पक्की होत जाते.

ही उणीव किती महाग पडते हे अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या एका अभ्यासातून दिसते. जानेवारी २०२१ मध्ये छत्तीसगड, कर्नाटक, मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तराखंड या पाच राज्यांतील सरकारी शाळांत दुसरी ते सहावीच्या १६,०६७ मुलांची पाहणी झाली. आधीच्या वर्षी येत असलेले भाषेचे किमान एक कौशल्य ९२ टक्के मुलांनी आणि गणिताचे किमान एक कौशल्य ८२ टक्के मुलांनी गमावले होते. भाषेच्या कौशल्यांत वाचन-लेखनाबरोबरच चित्राचे किंवा स्वतःच्या अनुभवाचे तोंडी वर्णन करणे हेही होते. मूल घरात बोलतच होते, तरीही ही गोष्ट कमी झाली, याचा अर्थ मला असा लागतो, की घरातल्या बोलण्यात हुकूम आणि गरजा असतात. ‘तू काय पाहिलेस, मग काय झाले, तुला तसे का वाटले’ असे विचारून थांबणारा माणूस वर्गात असतो, घरात तो क्वचित असतो.

नीलमनगरसारख्या उपक्रमात काय भिंतीवर यावे आणि काय घरात घडावे, याची वाटणी इथून ठरते. बाराखडी आणि अंकांचे तक्ते रंगवायला सर्वांत सोपे, म्हणून ते सर्वांत जास्त रंगवले जातात. ते उपयोगी आहेतच. पण एकट्या तक्त्याने मूल वाचू लागत नाही. भिंतीवर जे आहे त्याला घरातल्या वस्तूंशी आणि माणसांशी जोडणारी एखादी कृती रोज झाली, तर भिंतीचे मोल कैक पटींनी वाढते.

भिंतीपासून घरात : काही कृती

अशा कृती निवडताना मी तीन कसोट्या लावतो. तिला वेगळा खर्च नको, ती घरच्या कामाच्या ओघात बसावी, आणि तिच्या शेवटी मुलाने कोणाला तरी काहीतरी सांगावे. तिसरी कसोटी सर्वांत आधी विसरली जाते, म्हणून तिच्यावर माझा सर्वांत जास्त भर आहे.

सोलापूरच्या घरात शेंगा असतातच. शेंगाचटणी तिथली ओळख आहे. भिंतीवर एक ते शंभर अंक असतील, तर घरी मुलाने आधी मूठभर दाण्यांचा अंदाज सांगावा, मग ते दहा-दहाच्या ढिगांत मांडावेत आणि उरलेले सुटे मोजावेत. तीन ढीग आणि सात सुटे म्हणजे ३७, सात ढीग आणि तीन सुटे म्हणजे ७३, हे हाताने मांडलेले मूल हे दोन आकडे सहसा उलटे वाचत नाही. तिसरीतल्या मुलाने त्याच शेंगा फोडताना एक दाण्याच्या, दोन दाण्यांच्या आणि तीन दाण्यांच्या शेंगांची टरफले वेगवेगळ्या रांगांत लावली, की चित्रालेख जमिनीवरच तयार होतो. कोणती रांग सर्वांत लांब आणि किती जास्त, हे त्याने चटणी कुटणाऱ्या आईला सांगायचे.

दारापुढच्या ठिपक्यांच्या रांगोळीत तर गणिताचा खजिना आहे. मधल्या ओळीत सात ठिपके, मग वर आणि खाली एकेक कमी करत एका ठिपक्यापर्यंत, ही अनेक घरांतली ओळखीची मांडणी. मुलाला सगळे ठिपके मोजायला सांगावे. ते ४९ भरतात. मधल्या ओळीत पाच असतील तर एकूण २५, तीन असतील तर ९. तिसरी-चौथीतल्या मुलाने या संख्या वहीत एकाखाली एक लिहिल्या, की सात सत्ते, पाचा पाचे, तीन त्रिक अशी पाढ्यांतली ओळख त्याची त्यालाच पटते. हा शोध त्याला आधीच सांगून टाकण्याचा मोह मोठ्यांनी आवरला पाहिजे. पहिलीतल्या मुलासाठी तीच रांगोळी वेगळे काम करते : अर्धी रांगोळी मोठ्याने काढायची आणि उरलेली अर्धी मुलाने तशीच पुरी करायची. सममिती हा शब्द न उच्चारता ती त्याच्या हातात येते. घरातल्या चादरीच्या काठावरची नक्षीही अशीच. कोणता आकार किती धाग्यांनी किंवा किती बोटांनी पुन्हा येतो, हे मोजायला मुलांना आवडते, आणि ती चादर विणणारा बाप त्याचे उत्तर बहुधा शिक्षकापेक्षा नेमके देऊ शकतो. ज्या बापाला आपण शिकवू शकत नाही असे वाटत आले, त्याच्याकडे मूल विद्यार्थी म्हणून जाते, याचे मोल गुणांत मोजता येणार नाही.

इथे एक इशारा आवश्यक आहे. सोलापुरात घरी बसून विड्या वळणाऱ्या स्त्रियांची संख्या मोठी आहे आणि त्यांची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने ठरते. तयार विड्यांच्या जुड्या मोजून हजाराला किती जुड्या लागतात हे काढणे हा गुणाकाराचा उत्तम धडा होऊ शकेल असे कोणाला वाटेल. पण तंबाखूच्या सान्निध्यात मुलाला बसवणे आणि मोजता मोजता त्याला कामाला लावणे यांतले अंतर फार थोडे असते. शाळा बंद असण्याच्या काळात मूल बालमजुरीकडे ढकलले जाण्याचा धोका खरा असतो, म्हणून असा उपक्रम शिक्षकाने सुचवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

भाषेसाठी मी सर्वांत जास्त भरवसा गोष्टीवर ठेवतो. सोलापूरच्या अनेक कामगार घरांत आजी तेलुगूत किंवा कन्नडमध्ये बोलते आणि मूल मराठी शाळेत जाते. ही अडचण आहे असे समजून आजीला बाजूला सारण्याऐवजी तिच्याकडून तिच्या भाषेत गोष्ट ऐकावी आणि ती मुलाने भिंतीपाशी उभे राहून मराठीत मित्राला सांगावी. एका भाषेत समजलेले दुसऱ्या भाषेत सांगताना मुलाला घटनांचा क्रम, कारण आणि परिणाम मनात नीट लावावा लागतो. केवळ उतारा उतरवून काढताना यांतले काहीच होत नाही. ज्या गोष्टी मुलांना आवडतील त्यांतली दोन-तीन वाक्ये मग शिक्षकांनी भिंतीच्या रिकाम्या कोपऱ्यात, सांगणाऱ्या मुलाच्याच शब्दांत लिहावीत. आपले बोलणे लिहिले जाते आणि लिहिलेले पुन्हा बोलता येते, हे कळणे म्हणजे वाचनाची खरी सुरुवात. भिंतीवरचे शब्द घरातल्या साबणाच्या, चहाच्या, तेलाच्या वेष्टनांवर शोधणे, शिधापत्रिकेवरची घरच्यांची नावे वाचणे, अशा लहान कृतींनाही याच हेतूने जागा आहे.

पाण्याच्या मापनाची कृती मी मुद्दाम थोडक्यात सांगतो. किती पेल्यांनी तांब्या भरतो आणि किती तांब्यांनी कळशी, याचा आधी अंदाज करून मग मोजायचे. पण जिथे नळाला पाणी दिवसाआड किंवा त्याहूनही उशिरा येते, तिथे हे पाणी भरण्याच्या वेळीच आणि तेच पाणी वापरून करायचे.

शिक्षकाचे काम

हे सारे पालकांवर सोपवून चालणार नाही. दिवसभर मागावर उभे राहून आलेल्या आईकडून रोज तासभर अभ्यास घेण्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे आणि निष्फळही आहे. तिच्याकडून मागावी ती एकच गोष्ट : दिवसातून एकदा, भाकरी थापताना का होईना, मुलाचे पाच मिनिटांचे बोलणे ऐकून घेणे. चूक काढण्याची जबाबदारी तिची नाही. ती शिक्षकाची.

त्यासाठी शिक्षकाला आठवड्यातून एकदा तरी ठरलेल्या भिंतीपाशी यावे लागते आणि प्रत्येक मुलाशी वेगळे बोलावे लागते. अशा भेटीत वही तपासण्यात वेळ घालवू नये. मुलाला भिंतीवर नसलेला, पण तिथल्याच अक्षरांनी बनलेला एखादा शब्द जमिनीवर खडूने लिहून दाखवावा. तो वाचता आला तर अक्षरे आली, नाही तर चित्रे पाठ झाली, एवढे निदान दोन मिनिटांत होते. कोण कुठे अडते हे एका साध्या वहीत टिपले, की पुढच्या आठवड्यात कोणती भिंत बदलायची हेही कळते. भिंत बदलायची असते, हे इथे महत्त्वाचे. सुंदर चित्र कायमचे ठेवण्याचा मोह होतो, पण महिनाभरानंतर मूल त्याकडे पाहिनासे होते. म्हणून पक्क्या रंगात फक्त चौकट आणि थोडी चित्रे असावीत आणि मजकुराची जागा काळ्या रंगाची ठेवून तिथे खडूने लिहावे, असे मी सुचवीन. त्याने खर्चही घटतो.

काही मुले भिंतीपर्यंत पोहोचत नाहीत, हेही वहीतच उमटते. धाकट्या भावंडांची जबाबदारी बहुधा मुलींवर पडते आणि त्या घरात अडकतात. ज्यांची नजर अधू आहे त्यांना दुरून अक्षरे दिसत नाहीत. टाळेबंदीत ज्यांची कुटुंबे गावी निघून गेली त्यांच्यापुढे भिंतच उरत नाही. पहिल्या दोघांसाठी मोठ्या मुलांपैकी एकेकाला ठरवून जोडीदार करून देता येते. तिसऱ्यासाठी मात्र फोनवरून आवाजी निरोप आणि पोस्टाने पाठवलेली पाने एवढाच मार्ग उरतो. तो अपुरा असला तरी चालू ठेवावा लागतो.

माझ्या दृष्टीने या प्रकरणात दहावीच्या सूत्रांच्या भिंती आणि पहिलीच्या अक्षरांच्या भिंती यांना एकाच मापाने तोलू नये. मोठ्या मुलाला सूत्र आधी समजलेले असते आणि भिंत त्याला ते आठवून देते. पहिलीच्या मुलासमोर आठवण्यासारखे अजून काही नसते. त्याला माणूस हवा असतो. रंग, वेळ आणि शिक्षक मोजकेच असतील, तर माणसे आधी पहिली-दुसरीकडे वळवावीत.

नंतरचे चित्र

शाळा पूर्ववत भरू लागल्यावर झालेल्या ‘असर २०२२’ या ग्रामीण भारताच्या पाहणीत दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्या तिसरीतल्या मुलांचे प्रमाण २०.५ टक्के आढळले. २०१८ मध्ये ते २७.३ टक्के होते. वजाबाकी करू शकणाऱ्या तिसरीतल्या मुलांचे प्रमाण याच काळात २८.२ वरून २५.९ टक्क्यांवर आले, म्हणजे वाचनाची घसरण गणिताहून मोठी होती. मूल घरातल्या व्यवहारात आकडे वापरत राहते, पण वाचायला त्याच्यापुढे कोणी काही ठेवत नाही, हे त्यामागचे एक कारण असावे असे मला वाटते, आणि नीलमनगरच्या भिंतींची गरज तिथेच सर्वांत ठळक दिसते. २०२२ मध्ये महाराष्ट्रात पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारीचे अभियान झाले. त्यात वस्तीवस्तीत मातांचे गट करून त्यांच्या हाती घरी करण्याच्या कृती दिल्या गेल्या. मुलाचे ऐकणारे माणूस घराजवळ तयार करण्याचा तो प्रयत्न होता.

शाळा पुढेही बंद पडतील. २०१९ च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीच्या शाळांना अनेक दिवस कुलूप होते, आणि सोलापूरचा उन्हाळा दरवर्षी शाळेच्या वेळापत्रकाला ताण देतो. म्हणून ज्या शाळेला हा उपक्रम उचलायचा आहे तिने संकटाची वाट पाहू नये. येत्या सत्राच्या सुरुवातीला पालकसभेत वस्तीतल्या दहा घरमालकांची संमती घ्यावी, प्रत्येक भिंतीजवळ राहणारी एक ऐकणारी व्यक्ती ठरवावी, मग ती आजी असो वा सातवीतली ताई, आणि शनिवारच्या अर्ध्या दिवसाच्या शाळेत महिन्यातून एकदा वर्ग त्या भिंतींपाशी भरवावा. कुलूप लागेल त्या दिवशी मुलांना कोणत्या भिंतीकडे जायचे आणि तिथे कोणाला वाचून दाखवायचे, हे आधीच ठाऊक असले पाहिजे.